विश्लेषण : ‘पीटर पॅन’ची कमाई लंडनमधील मुलांच्या रुग्णालयाला का मिळते? जे. एम. बॅरी यांनी नेमके काय दान केले?

मोठा व्हायला नकार देणारा आणि रात्री खिडकीतून उडत येणारा पीटर पॅन जगभरातील मुलांच्या ओळखीचा आहे. त्याच्यावर नाटके झाली, चित्रपट आले, खेळणी आली. मात्र ब्रिटनमध्ये आजही ‘पीटर पॅन’चे नाटक व्यावसायिक रंगमंचावर आले की त्याची रॉयल्टी बॅरी यांच्या नातेवाईकांना किंवा एखाद्या कंपनीला जात नाही. ती जाते लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयाच्या नावे. लेखक सर जेम्स मॅथ्यू बॅरी यांनी ही तजवीज स्वतःच्या हयातीत, मृत्यूच्या आठ वर्षे आधी करून ठेवली होती. बॅरी कोण होते, त्यांनी पैशांऐवजी थेट हक्कच का दिले आणि हे दान त्यांच्या पश्चात इतकी वर्षे कसे टिकले, याचा हा आढावा.

रुग्णालयाने काय मागितले होते?

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या १० खाटांवर सुरू झाले. केवळ लहान मुलांना दाखल करून उपचार देणारे हे इंग्लंडमधील पहिले रुग्णालय. त्या काळी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा नव्हती, ती १९४८ मध्ये आली. तोवर अशी रुग्णालये लोकांच्या देणग्यांवर चालत. १८५८ मध्ये खुद्द चार्ल्स डिकन्स यांनी या रुग्णालयासाठी निधी गोळा करायला मदत केली होती.

१९२९ मध्ये रुग्णालयाला विस्तारासाठी जागा हवी होती. शेजारचे जुने अनाथालय लंडनबाहेर गेल्याने तिथली मोठी जमीन रिकामी झाली होती. ती विकत घेण्यासाठी पैसा उभा करायचा, तर समितीवर वजनदार नावे हवीत. म्हणून रुग्णालयाने बॅरी यांना समितीवर येण्याची विनंती केली. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि ब्रिटनमधील सर्वाधिक कमाई असलेल्या नाटककारांपैकी एक होते.

बॅरी यांनी नकार दिला. समितीचे काम आपल्याला जमणार नाही, पण दुसऱ्या एखाद्या मार्गाने मदत करता येईल अशी आशा आहे, असे त्यांनी कळवले. अशी उत्तरे मोठ्या माणसांकडून नेहमीच येतात आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. इथे मात्र दोनेक महिन्यांत रुग्णालयाला कळले, की बॅरी यांनी ‘पीटर पॅन’चे सगळे हक्क त्यांच्या नावे केले आहेत.

बॅरी कोण होते?

बॅरी यांचा जन्म ९ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील किरीम्युर या लहान गावी झाला. वडील हातमागावर कापड विणत. दहा भावंडांत जेम्स नववे. घर बेताचे, पण मुलांच्या शिक्षणावर आईवडिलांचा भर होता.

जेम्स सहा वर्षांचे असताना घरावर घाला पडला. मोठा भाऊ डेव्हिड बर्फावर स्केटिंगच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला. दुसऱ्या दिवशी त्याला १४ वर्षे पूर्ण होणार होती. हा आईचा सर्वात लाडका मुलगा. ती अंथरुणाला खिळली. छोटा जेम्स तिला सावरण्यासाठी भावाचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ घालत तिच्यासमोर जाई. आईला पुढे एकाच विचारात दिलासा मिळत असे : डेव्हिड आता कायम लहानच राहील, तो कधी मोठा होऊन आपल्याला सोडून जाणार नाही. बॅरी यांनी आईच्या निधनानंतर १८९६ मध्ये ‘मार्गारेट ओगिल्वी’ हे तिचे चरित्र लिहिले, त्यात या दिवसांची हकीकत आहे. कधीही मोठ्या न होणाऱ्या मुलाची कल्पना इथेच रुजली, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

एडिनबरा विद्यापीठातून पदवी घेतल्यावर बॅरी यांनी नॉटिंगहॅममधील एका दैनिकात अग्रलेख लिहिण्याची नोकरी केली. १८८५ मध्ये ते नशीब आजमावायला लंडनला आले. सुरुवातीला ते ब्लूम्सबरी भागात, म्हणजे याच रुग्णालयाच्या परिसरात भाड्याच्या खोलीत राहिले. आपल्या गावाकडच्या माणसांवर लिहिलेल्या कथांनी त्यांना नाव मिळवून दिले, नंतर नाटकांनी पैसा दिला. १८९४ मध्ये त्यांनी अभिनेत्री मेरी अॅन्सेल यांच्याशी लग्न केले. त्यांना मूल झाले नाही आणि १९०९ मध्ये घटस्फोट झाला.

‘पीटर पॅन’ कुठून आला?

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत बॅरी आपल्या पोर्थोस नावाच्या भल्यामोठ्या सेंट बर्नार्ड कुत्र्याला फिरवायला नेत. १८९७ मध्ये तिथे त्यांची ओळख जॉर्ज आणि जॅक या दोन भावांशी झाली. त्यांना सांभाळणारी बाई सोबत असे आणि बाबागाडीत तान्हा पीटर. आर्थर आणि सिल्व्हिया लुएलिन डेव्हिस या दाम्पत्याची ही मुले. नंतर मायकल आणि निको जन्मले आणि भावांची संख्या पाच झाली.

जेमतेम सव्वापाच फूट उंचीचे, कान हलवून दाखवणारे बॅरी मुलांचे आवडते झाले. ते त्यांना गोष्टी सांगत. बाबागाडीतला पीटर उडू शकतो, ही त्यातलीच एक गोष्ट. हा पीटर १९०२ मध्ये ‘द लिटल व्हाइट बर्ड’ या कादंबरीत आला आणि २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात ‘पीटर पॅन’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला.

तारांना लटकून उडणारी मुले, समुद्री चाचे, मगर, कुत्र्याच्या वेशातला नट असा मोठा खर्चाचा हा पसारा होता. नाटक पडेल अशी धास्ती खुद्द बॅरी यांना होती. टिंकर बेल ही परी मरणाला टेकते आणि तिला वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या असतात, असा त्यात एक प्रसंग आहे. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत तर पंचाईत नको, म्हणून वादकांनी वाद्ये खाली ठेवून टाळ्या सुरू कराव्यात, अशी सोय आधीच केली होती. त्याची गरज पडली नाही. सभागृह टाळ्यांनी दणाणले.

नाटकातील एका बदलाचा संबंध तर थेट दवाखान्याशी आहे. प्रयोग पाहून घरी गेलेली मुले पलंगावरून उडण्याचा प्रयत्न करू लागली आणि पडून जखमी होऊ लागली. पालकांच्या तक्रारी आल्यावर बॅरी यांनी नाटकात एक अट घातली. अंगावर परीची जादूई धूळ पडल्याशिवाय कुणालाही उडता येत नाही! ही धूळ आज ‘पीटर पॅन’ची ओळख झाली आहे.

नंतर १९११ मध्ये बॅरी यांनी याच कथेची ‘पीटर अँड वेंडी’ ही कादंबरी लिहिली. नाटक मात्र लंडनमध्ये जवळपास दर नाताळात होत राहिले. पुढील दानात हाच मुद्दा महत्त्वाचा ठरला.

त्या पाच मुलांचे पुढे काय झाले?

गोष्टीतला मुलगा मोठा झाला नाही. प्रत्यक्षातल्या मुलांचे आयुष्य मात्र खडतर गेले. १९०७ मध्ये वडील आर्थर कर्करोगाने गेले. १९१० मध्ये आई सिल्व्हियाही गेली. पाचही भाऊ पोरके झाले. बॅरी त्यांच्या पालकांपैकी एक बनले आणि त्यांच्या शिक्षणाचा व राहण्याचा खर्च त्यांनी उचलला.

इथे एका कागदाची गोष्ट सांगायला हवी. सिल्व्हिया यांनी मृत्यूपूर्वी आपली इच्छा हाताने लिहून ठेवली होती. मुलांना सांभाळणाऱ्या बाईची बहीण जेनी हिने मदतीला यावे, असे त्यात होते. बॅरी यांनी कुटुंबासाठी त्या कागदाची नक्कल केली, तेव्हा ‘जेनी’चे ‘जिमी’ झाले. जिमी म्हणजे स्वतः बॅरी. ही वाचण्यातली चूक होती की जाणूनबुजून केलेला बदल, यावर आजही वाद आहे. मात्र माणूस गेल्यावर त्याची इच्छा किती सहज बदलली जाऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पहिल्या महायुद्धात, मार्च १९१५ मध्ये सर्वात मोठा जॉर्ज फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला. तो २१ वर्षांचा होता. त्यानंतर दोनच महिन्यांत ‘पीटर पॅन’चे निर्माते आणि बॅरी यांचे मित्र चार्ल्स फ्रोमन ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाले. १९२१ मध्ये मायकल ऑक्सफर्डजवळ नदीच्या पाण्यात बुडून गेला. त्याला २१ वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. मायकल हा बॅरी यांचा सर्वात जिवलग होता. या धक्क्यातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत.

दान रुग्णालयालाच का?

बॅरी यांनी याचे उत्तर कधी गंभीरपणे दिले नाही. पीटर पॅन एके काळी याच रुग्णालयात उपचार घेत होता आणि त्यानेच आपल्याला हे करायला सांगितले, असे ते एका भाषणात गमतीने म्हणाले होते. मात्र त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला, की काही धागे दिसतात. भाऊ, मग जॉर्ज, मग मायकल. ज्यांना मोठे होता आले नाही, अशी मुले त्यांनी आयुष्यभर पाहिली. महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील निर्वासित मुलांसाठीच्या एका रुग्णालयालाही त्यांनी पैसा पुरवला होता.

१९२८ मध्ये ‘पीटर पॅन’ नाटक प्रथमच पुस्तकरूपात छापले गेले. ते त्यांनी पाच भावांना अर्पण केले आणि पीटर हा या पाचही जणांतून घडला, अशी कबुली दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी तो रुग्णालयाला देऊन टाकला.

पैसे न देता हक्क का दिले?

बॅरी सहज एखादा मोठा धनादेश देऊ शकले असते. पण तो पैसा एका इमारतीत किंवा दोन-चार वर्षांच्या खर्चात संपला असता. त्यांनी चरवीभर दूध देण्याऐवजी दुभती गायच दिली. नाटक जवळपास दर नाताळात होणार, पुस्तके खपणार, चित्रपट निघणार आणि प्रत्येक वेळी रुग्णालयाला वाटा मिळणार, अशी ही रचना होती. तेव्हा नाटक २५ वर्षे जुने होते, त्यामुळे ही कमाई नियमित आहे हे सिद्ध झालेले होते.

यात रुग्णालयाला केवळ पैसे मिळाले नाहीत, तर मालकीही मिळाली. कुणाला परवानगी द्यायची आणि कोणत्या अटींवर, हे रुग्णालय ठरवू लागले. अॅनिमेशनपटासाठी डिस्नेलाही या रुग्णालयाशीच करार करावा लागला. तो चित्रपट १९५३ मध्ये आला.

बॅरी यांची एकच महत्त्वाची विनंती होती. ‘पीटर पॅन’मधून किती पैसे मिळतात, हे रुग्णालयाने कधीही जाहीर करू नये. ही विनंती रुग्णालय आजही पाळते. त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कोट्यवधींच्या आकड्यांना अधिकृत आधार नाही.

दान केले त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाटकातील कलाकार रुग्णालयात आले. थिएटरात येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तिथेच मुलांच्या खोलीचा प्रवेश सादर केला. खुद्द बॅरीही तो पाहायला हजर होते.

मृत्युपत्रात काय होते?

१९ जून १९३७ रोजी न्यूमोनियाने बॅरी यांचे लंडनमध्ये निधन झाले. किरीम्युरच्या टेकडीवरील दफनभूमीत, आईवडील आणि भावंडांशेजारी त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग त्यांच्या सचिव लेडी सिंथिया अॅस्क्विथ यांना मिळाला. हयात असलेल्या जॅक, पीटर आणि निको यांना ठरावीक रकमा मिळाल्या. पूर्वपत्नी मेरी यांनाही हयातभर वार्षिक रक्कम मिळेल अशी तरतूद होती. ‘पीटर पॅन’ मात्र या वाटणीत नव्हता. तो आठ वर्षांपूर्वीच दिलेला होता आणि मृत्युपत्राने त्यावर शिक्कामोर्तब केले.

दान हयातीत केल्याचा फायदा इथे दिसतो. देणारा स्वतः हजर असल्याने त्याची इच्छा काय, यावर शंकेला जागा उरत नाही आणि वारसांना आपल्या हातचे काही गेले असे म्हणता येत नाही. सिल्व्हियांच्या चिठ्ठीबाबत जे झाले, ते ‘पीटर पॅन’बाबत होऊ शकले नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. ज्या मुलांच्या बालपणातून ही कथा उभी राहिली, त्यांना तिच्यातून काय मिळाले? ज्याचे नाव पात्राला मिळाले, त्या पीटर लुएलिन डेव्हिस यांना ही ओळख जन्मभर डाचत राहिली. ते पुढे प्रकाशक झाले, पण १९६० मध्ये त्यांचा करुण अंत झाला तेव्हाही बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘पीटर पॅन’ असाच झाला. बॅरी यांच्या दानाचे मोल याने कमी होत नाही, मात्र कथेची ही बाजू विसरताही येत नाही.

५० वर्षांनी हक्क संपले, तेव्हा काय झाले?

पुस्तकाचे हक्क कायमचे नसतात. ब्रिटनमध्ये तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. त्यानुसार १९८७ च्या अखेरीस ‘पीटर पॅन’ सर्वांसाठी खुला झाला. म्हणजे रुग्णालयाची कमाई थांबणार होती.

तेव्हा ब्रिटिश संसदेत कॉपीराइटचा नवा कायदा चर्चेत होता. माजी पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. त्यांच्या पत्नी ऑड्री या रुग्णालयाच्या कारभाराशी दीर्घकाळ संबंधित होत्या. दुरुस्ती मंजूर झाली आणि १९८८ च्या कायद्यात या एका नाटकासाठी स्वतंत्र तरतूद आली.

ती अशी : ब्रिटनमध्ये नाटकाचा जाहीर प्रयोग, व्यावसायिक प्रकाशन किंवा प्रसारण झाले तर रुग्णालयाच्या विश्वस्तांना रॉयल्टी मिळेल आणि याला कालमर्यादा नसेल. मात्र हा पूर्ण कॉपीराइट नाही. कथेत काय बदल करावा किंवा प्रयोग होऊ द्यावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार यातून मिळत नाही. शिवाय हा हक्क विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. आजारी मुलांची सेवा हे रुग्णालयाचे काम राहिले नाही, तर हक्कही संपतो. बॅरी यांचा हेतू कायद्याने असा बांधून ठेवला आहे.

पुढे मुदत ७० वर्षांची झाल्याने १९९६ पासून ब्रिटनमधील पूर्ण कॉपीराइट पुन्हा जिवंत झाला आणि २००७ च्या अखेरीस तो संपला. त्यानंतर विशेष तरतूद तेवढी उरली.

आजची स्थिती काय? भारतात काय नियम?

ही खास सवलत ब्रिटनपुरतीच आहे. अमेरिकेत १९२८ मध्ये छापलेल्या नाटकाचा कॉपीराइट २०२३ च्या अखेरीस संपला. भारतात सध्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. बॅरी यांना जाऊन त्याहून अधिक काळ लोटल्याने इथे त्यांच्या मूळ लेखनाचा मराठी अनुवाद किंवा प्रयोग करण्यासाठी परवानगी लागत नाही. डिस्नेसारख्या कंपन्यांची चित्रे आणि गाणी मात्र वेगळी, त्यांचे हक्क त्या त्या कंपन्यांकडे असतात.

बॅरी यांनी केले तसे दान भारतीय लेखकालाही करता येते. पुस्तकाचे हक्क सहीनिशी लेखी कराराने एखाद्या संस्थेला देता येतात किंवा मृत्युपत्रात लिहून ठेवता येतात. मृत्युपत्रावर सामान्यतः दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय आणि ‘पीटर पॅन’ एकत्र दिसले, तेव्हा अनेकांना या नात्याचा उलगडा झाला नव्हता. आता कळते, की १९२९ मध्ये ज्या लेखकाने समितीत बसायला नकार दिला, त्यानेच रुग्णालयाला सर्वाधिक काळ टिकलेल्या देणग्यांपैकी एक दिली. ज्या जमिनीसाठी ती समिती होती, तिथे पुढे मुलांचे खेळाचे मैदान झाले. रुग्णालय शेजारीच आहे. ब्रिटनमध्ये ‘पीटर पॅन’चा पडदा वर गेला, की तिथल्या आजारी मुलांसाठी काही रक्कम आजही जमा होते.